दोनदा म्हटलेलं 'या'

आमच्या अप्पांनी कुणाला 'हो' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. 'नाही' म्हणतात असंही नाही. ते 'बघू' म्हणतात. समोर मराठी माणूस असेल तर 'बघू', कन्नड असेल तर 'नोडोण', आणि दुकानातल्या मामूंशी बोलताना 'देखिंगे'. तीन भाषा येणारा माणूस तिन्ही भाषांत एवढंच बोलतो, हे बघून लहानपणापासून माझं डोकं फिरत आलंय. शाळेच्या सहलीला जाऊ? बघू. सायकल घ्यायची? नोडोण. अव्वा, म्हणजे माझी आई, सांगते, लग्नाच्या बैठकीत मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावरसुद्धा ते 'बघू' म्हणाले होते, आणि त्या विषयावर अजून पुढचं काही बोललेले नाहीत.

हायवेवर मन्नाएखेळ्ळीला उतरून आत वळलं की सीमेच्या कन्नड बाजूला आमचं चिटगुप्पा येतं, आणि चिटगुप्प्याच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. पुढं साड्या, आत शर्टपीस-पँटपीस, वर माळ्यावर लग्नाचा माल. अप्पा गादीवर बसतात, मामू माल काढून दाखवतात. मामू आमचे कुणी मामा नव्हेत. अप्पांच्या तरुणपणापासून ते दुकानात आहेत आणि अख्खा बाजार त्यांना मामूच म्हणतो.

तर 'बघू' हा अप्पांचा घरातला शब्द. दुकानातला शब्द 'या'. उंबऱ्याशी माणूस आला की त्याच्या चपला, टोपी, बाई असेल तर पदर कोणत्या खांद्यावर आहे ते बघून अप्पा क्षणात ठरवतात की इथं 'या' म्हणायचं, 'बर्री' म्हणायचं की 'आओ जी'. चुकलेले मी पाहिले नाहीत. त्यातही पुन्हा तऱ्हा आहेत. नुसतं 'या' म्हणजे हा बघून जाणार, बघू दे. 'या, या' म्हणजे हा घेणार, मामू उठा. 'या की वो' म्हणजे पाहुणा, चहा सांगा. आणि ज्याला दोनदा 'या' म्हटलं त्याला मोकळ्या हातानं उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा अप्पांचा नेम. भाव पाडावा लागला तरी चालेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दानं केला.

मी दावणगेरेला टेक्स्टाईल इंजिनिअरिंग केलं. अप्पांना तेही फारसं पटलेलं नव्हतं. कापड विकायचं असतं, त्यात शिकायचं काय असतं? त्यावर मी एक दिवस जेवताना सांगितलं की मला पुढं शिकायला जर्मनीला जायचंय.

"काय शिकणार तिथं?" अप्पांनी विचारलं.

"टेक्स्टाईलच."

"म्हणजे कापडच." अप्पांनी भाकरी मोडली. "चिटगुप्प्यात कापड हाय, हुमनाबादात कापड हाय, सोलापुरात तर नुसतं कापडच हाय. कापडासाठी जर्मनीला कामून जायलीस?"

मी समजावून सांगायला लागले. तिकडचं कापड म्हणजे नुसतं नेसायचं कापड नसतं. गाडीत असतं, रस्त्याच्या खाली अंथरलेलं असतं, दवाखान्यात असतं. धाग्यानं विणलेली नळी माणसाच्या छातीत रक्तवाहिनी म्हणून बसवतात. अव्वाचा हात ताटातच थांबला. असलं काही जेवताना सांगायचं नसतं, असं ती म्हणाली. अप्पांनी मात्र ताटातलं सगळं संपवलं. शेवटी त्यांनी विचारलं, "रंग जात न्हाई ना?"

"न्हाई."

"बघू," अप्पा म्हणाले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. मला जाता आलं असतं. भांडून जाता आलं असतं, आणि भांडणात मी अप्पांना ऐकत नाही. पण आमच्या घरातून शिकायला इतक्या लांब निघालेली मी पहिलीच. पळून चालल्यासारखं मला जायचं नव्हतं, आणि 'बघू'वर विमानात बसायचं नव्हतं. अप्पांनी एकदा 'हो' म्हणायला हवं होतं. स्वच्छ, माझ्या तोंडाकडं बघून, हव्या त्या भाषेत.

सल्ला घ्यायला मी कलबुर्गीला गेले. तिथं एका जिन्यावर सगळ्या जगाचे झेंडे लावलेलं ऑफिस होतं. आतला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "जर्मनी कशाला मॅडम? तिथं भाषा शिकायला लागते. आयर्लंड घ्या, मस्त आहे." मी म्हटलं, जर्मनीच. तो म्हणाला, मग कॅनडा बघून घ्या. मी कापडवाल्याची मुलगी. गिऱ्हाइकानं हिरवी साडी मागितली आणि हिरवी शिल्लक नसली की मामू कसे मोरपंखी पुढं करतात, ते बघत मोठी झालेय. 'जर्मनी आत्ता संपलंय, सोमवारी येईल,' एवढंच म्हणायचं त्या मुलानं बाकी ठेवलं होतं. मी उठले आणि आळंदच्या एका मैत्रिणीकडं तुरीच्या डाळीचं वरण-भात जेवून घरी आले. त्या दिवसातलं तेवढंच कामाचं झालं.

मग सगळं माझं मीच करायला घेतलं. पुण्याच्या एका बाईंकडं ऑनलाइन जर्मनचा क्लास लावला. पहिल्याच तासाला बाई म्हणाल्या, "अजिबात घाबरू नका. मराठीत तो-ती-ते असतं ना, तसंच जर्मनमध्ये आहे." बाकीची पोरं खूश झाली आणि मी कपाळावर हात मारला. आमच्या घरात अप्पांचा बस 'आला', माझी बस 'आली' आणि अव्वाचं बस 'आलं', आणि तिघंही एकाच बसमधून हुमनाबादला जातो. कन्नडमध्ये टेबल-खुर्चीला असली काही भानगड नसते. मामूंच्या बोलण्यात दुकान तर कधी खुलता आणि कधी खुलती. इतक्या मोकळ्या वातावरणात वाढलेल्या मुलीला चमचा पुरुष आहे की बाई असं विचारणं हा छळ आहे. एक मात्र झालं. पुण्याची पोरं चुकली की लाजून गप्प बसायची. मला चुकत बोलायची जन्मापासून सवय, त्यामुळं मी बोलतच राहिले आणि सगळ्यांच्या पुढं गेले.

अव्वाला जर्मनचा वेगळाच ताप झाला. त्या भाषेत 'मी'ला जवळपास 'इश्' असा शब्द आहे. मी संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत, कानात वायर घालून 'इश् बिन, इश् हाबे, इश् कोमे' असं घोकत असायची. आमच्याकडं 'इश्श' कुणी म्हणत नाही. अव्वानं ते फक्त टीव्हीवरच्या मालिकांत ऐकलेलं, आणि तिथं ते म्हणणाऱ्या बाईच्या समोर दरवेळी एक पुरुष उभा असतो. एक दिवस वाळलेले कपडे काढता काढता ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "कोण हाय त्यो?"

"कोण कोण?"

"ज्याच्यासंगं इश्श-इश्श करायलीस, त्यो."

मी तिला पुस्तक दाखवलं. इश् म्हणजे मी, असं चार वेळा सांगितलं. तिनं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. "सोताचंच नाव घ्यायलीस, तर इतकं लाजायलीस कामून?" ती म्हणाली आणि कपड्यांचा ढीग माझ्या हातात देऊन खाली गेली.

अर्ज गेले. त्यातल्या एका विद्यापीठातून मुलाखतीचं बोलावणं आलं. घरी नेट रेंगाळायचं, दुकानात चांगलं होतं, म्हणून मुलाखत दुकानातून द्यायचं ठरलं. वेळ दुपारची होती. आमचा बाजार तेव्हा पेंगत असतो. मी आतल्या काउंटरवर लॅपटॉप मांडला, मागं रिकामी भिंत नव्हतीच, म्हणून मामूंनी त्यातल्या त्यात साधा असा पांढऱ्या धोतरजोड्यांचा गठ्ठा मागं रचून दिला. अप्पा गादीवर पाठ करून बसले. "म्या काय ऐकत न्हाई," असं त्यांनी आपणहून जाहीर केलं, आणि उठून पंखा बंद केला. पंख्याचा आवाज येतो म्हणून, असं म्हणाले. कुणाला येतो, ते बोलले नाहीत.

पडद्यावर पांढऱ्या दाढीचे एक प्राध्यापक आले. मी इंग्रजीत बोलत होते, मधूनच जर्मनची दोन-चार वाक्यं पेरत होते. कॉलेजात मी तुराट्यांपासून धागा काढायचा प्रयोग केला होता. तुरी झोडपून झाल्या की उरलेल्या तुराट्या आमच्याकडं चुलीत जातात, त्यांच्या सालीतून धागा निघतो का बघायचं होतं. निघाला, पण पोत्याच्याही लायकीचा नव्हता. का नव्हता ते मी सांगत होते. प्राध्यापक मान डोलवत होते. "या," ते म्हणायचे. मी पुढं सांगायची. "या, या." मी आणखी पुढं. "या, या, या." किती प्रेमळ माणूस! माझा घाम वाळला. शेवटी आभार मानून त्यांनी हात हलवला आणि पडदा काळा झाला.

मागं वळून बघते तर अप्पा माझ्या खांद्याशी उभे. गादी सोडून दुकानाच्या वेळात अप्पा इतके आत आलेले मी पहिल्यांदा बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "म्हातारा किती या, या म्हणायलाय गं!"

"अप्पा, ते तसलं या न्हाई."

"मंग कसलं?"

"त्यांच्या भाषेत 'या' म्हणजे 'व्हय'."

अप्पांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "म्हणजे व्हय म्हणला?"

"व्हय. पण तसलं व्हय न्हाई, म्हणजे आपण ऐकताना..."

"मामू!" अप्पांनी तिथूनच हाक मारली. "आओ भी बोल्या, हौ भी बोल्या!"

मामू माळ्यावरून अर्धे खाली आले होते. "तो जाना पडता सेठ," ते शिडीवरूनच म्हणाले. "बुजुर्ग आदमी इत्ता बुलारा, नक्को कैसा बोलना?"

मी दोघांना समजावत राहिले. ते नुसतं 'हं, हं' आहे, निकाल नंतर ई-मेलनं येतो, अजून कुणीच काही ठरवलेलं नाही. पण ज्या माणसानं सगळी हयात 'या' शब्दावर काढली, त्याला 'या'चा अर्थ मी काय सांगणार? अप्पांचं गणित सरळ होतं. "आपुन पोटासाठी या म्हणतो. त्या म्हाताऱ्याला काय कमी हाय? त्याचं काय अडलंय? तरीबी दोनदा-तीनदा म्हणायलाय. मोठा माणूस दिसायलाय."

मी संधी साधली. "म्हणजे मी जाऊ, अप्पा?"

"आता त्यांनीच बोलावलंय. म्या मधी बोलणारा कोण?"

हेही 'हो' नव्हतंच. मला इतका राग आला की धोतरजोड्यांचा गठ्ठा मी उचलून जागेवर ठेवला नाही.

संध्याकाळपर्यंत बाजारात बालुशाही वाटून झाली होती. समोरच्या टेलरनं येऊन मला सांगितलं की जर्मनीची कैची म्हणजे कैची, येताना एक आणा, मोठी. एका बाईंनी आपल्या जावेच्या मुलाला तिथं भेटायला सांगितलं. तो कॅनडात होता, पण परदेशातच की. अजून निकाल यायचाय, असं मी ज्याला त्याला सांगत होते, आणि जो तो माझ्या डोक्यावर हात ठेवून 'किती साधी पोरगी' असं म्हणत होता. मी साधी नाही. मला फक्त कुणी ऐकत नव्हतं.

ई-मेल आला तेव्हा मी दुकानातच होते. दोन ओळी वाचल्या आणि पुढं वाचायची गरज राहिली नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि गादीसमोर जाऊन सांगितलं, "अप्पा, त्यांनी न्हाई म्हणलंय."

"कुणी? त्या म्हाताऱ्यानं?"

"त्यांची कमिटी असते."

"पण त्यो या म्हणला होता."

मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. "अप्पा, बाई साडी हातात धरून घरचं रडगाणं गायला लागते, भाव कमी करा म्हणते. तवा तुमी मान हलवत 'व्हय अक्का, व्हय, खरं हाय' म्हणता. म्हणता ना?"

"म्हणतो की."

"मंग भाव कमी करता?"

"न्हाई."

"म्हाताऱ्याचं या तसलं होतं."

अप्पांना पटलं. इतके दिवस मी घसा कोरडा केला होता तेव्हा पटलं नव्हतं, ते आता एका क्षणात पूर्ण पटलं, आणि पटताना त्यांचा चेहरा असा उतरला की मला रडूच फुटलं. प्रवेश गेल्याचं दुःख होतं, पण ते नंतरचं. त्या वेळी मला फक्त अप्पांचं वाईट वाटलं. स्वतःच्या उंबऱ्यावर त्यांनी कधी कुणाचा असा मान घालवला नव्हता. त्यांनी हातातली मीटर-पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "दोनदा या म्हणायचं आन् उंबऱ्यावरनं परत धाडायचं. असलं दुकान म्या कधी चालवलं न्हाई."

त्यानंतर अप्पांनी 'या, या' म्हणणं बंद केलं. माणूस आला की नुसती मान हलवायचे. गिऱ्हाईक उंबऱ्याशी घुटमळायचं, आपल्याला ओळखलं नाही की काय म्हणून आत डोकवायचं आणि पुढच्या दुकानात जायचं. सणाचे दिवस जवळ आले होते. मामू वैतागून माझ्याकडं आले. "अम्मा, तुम कुछ बोलो सेठकू. गिराइकां दरवाजे से वापस जारे. मैं आओ आओ बोलतूं तो लोगां हसरे, मालिक चुप और नोकर बुलारा बोलके." त्यात बालुशाही खाल्लेले सगळे येता-जाता विचारत होते, पोरगी कधी जायलीय? अप्पा म्हणायचे, बघू. त्यांच्या 'बघू'ची मला आयुष्यभर चीड होती, पण ते दिवस त्यांनी त्या शब्दाच्या आधारानंच काढले.

दुसऱ्या एका विद्यापीठाचा होकार आला तो अशा वेळी. मुलाखत नाही, काही नाही, थेट प्रवेश. मी आनंदानं ओरडले आणि मग लक्षात आलं की हे आता घरी सांगायचंय. कारण विद्यापीठ जर्मनीतलं नव्हतं, ऑस्ट्रियातलं होतं.

"ऑस्ट्रेलिया?" अप्पा म्हणाले. "जर्मनी म्हणून बालुशाही वाटली, आन् आता ऑस्ट्रेलिया?"

"ऑस्ट्रेलिया न्हाई अप्पा. ऑस्ट्रिया."

"ते कुठं आलं?"

"जर्मनीच्या खाली. उमरग्याच्या खाली आळंद हाय ना, तसं. बोलतात जर्मनच, पण देश दुसरा."

अप्पांनी पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे आपल्यावाणीच की. बोली एकीकडची, राज्य दुसरीकडचं."

"तसंच."

"मंग जर्मनीतले लोक हसत असतील त्यांच्या बोलण्याला."

"हसतात म्हणे."

"हं," अप्पा म्हणाले. त्या देशाबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटायला लागली हे मला दिसलं. पण दुधानं तोंड पोळलेलं होतं. "यांनी तोंडानं या म्हणलं का?"

"तोंडानं न्हाई. लेखी दिलंय. लेखी जास्त पक्कं असतं."

अप्पांनी माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं 'एकच भाव' अशी पाटी आहे. ती लावल्यापासून आमच्या दुकानात एकही साडी एकाच भावात गेलेली नाही. लेखी गोष्टीचं काय होतं हे अप्पांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तोंडी 'या' मिळवायचं कुठून? मला हॉस्टेलच्या खोलीबद्दल विचारायचं होतंच. विद्यापीठाच्या ऑफिसातल्या एका बाईंना मी लिहिलं आणि त्यांनी व्हिडिओवर बोलू, असं कळवलं. पुन्हा दुकान, पुन्हा दुपार. या खेपेला अप्पांनी न ऐकायचं सोंग केलं नाही. धुतलेला शर्ट घातला, कपाळावर विभूती ताजी ओढली आणि माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले. पंखा मामूंनी बंद केला.

बाई हसऱ्या होत्या, अव्वाच्या वयाच्या. खोलीचं बोलणं झालं. मी आता अप्पांचा प्रश्न इंग्रजीत कसा घालावा याची जुळवाजुळव करतेय तोवर अप्पा पुढं झुकले आणि थेट बोलले.

"म्याडम, पोरगी धाडायलोय. नंतर न्हाई म्हणू नका. या?"

बाईंना त्यातलं शेवटचं अक्षर तेवढं कळलं असणार. मी घाईघाईनं इंग्रजीत सांगितलं, माझे वडील विचारतायत, प्रवेश पक्का आहे ना? बाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. अप्पांकडं बघून त्या म्हणाल्या, "या."

एकदाच. त्यांचं 'या' जरासं 'यो'कडं झुकलेलं होतं, सीमेवरच्या बोलीतले शब्द असतात तसं. अप्पा मागं टेकले.

"एकदाच म्हणली," बोलणं संपल्यावर ते मामूंना म्हणाले. "खरी असंल. लई या-या करतंय ते द्यायचं नसतंय."

इतक्या वर्षांच्या धंद्याचा नेम त्यांनी एका दुपारी उलटा करून टाकला होता. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाला ते पुन्हा 'या' म्हणायला लागले, फक्त एकदा. मामू म्हणाले, चलो, ना से तो अच्छा.

पण मला काय? मला त्यांनी 'बघू'च म्हटलं. बॅगा 'बघू'वर आल्या, व्हिसा 'बघू'वर झाला, थंडीचा कोट हैदराबादहून 'बघू'वर आला आणि अप्पांनी त्याचं अस्तर चिमटीत धरून, हे धुतलं की आटतंय, असं सांगितलं. रोज मला वाटायचं, आज म्हणतील. अव्वा म्हणायची, "अगं, तिकीट काढलं की त्यांनी. आता आणि काय म्हणायचं ऱ्हायलंय?" तिचं बरोबर होतं. तिनं एका 'बघू'वर सगळा संसार केला होता. पण मी अव्वा नव्हे. मला शब्द हवा होता, आणि तो मागून घ्यायचा नव्हता.

हैदराबादच्या विमानतळावर आम्ही चौघं गेलो. अव्वानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी इतकी दिली होती की बॅगेत माझे कपडे पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. टेलरनं कैचीची पुन्हा आठवण करून दिली होती. आत फक्त प्रवाशांना सोडतात, म्हणून दाराशीच निरोप घ्यायचा होता. अव्वा रडली. मामूंनी डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटलं. मी अप्पांच्या पाया पडले आणि उठून म्हटलं, "येते अप्पा."

आमच्याकडं निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, आणि अशा वेळी बापानं 'ये' म्हणायचं असतं. बस्स, एवढंच अक्षर. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. ते म्हणाले, "या."

माझं डोकंच फिरलं. एवढं सगळं होऊन निघताना पोटच्या मुलीला 'या'! उंबऱ्यावर आलेल्या परक्या बाईला म्हणतात तसं! डोळ्यांत पाणी होतं तरी मी फिस्कारलेच. "अप्पा, मी काय गिऱ्हाईक हाय का? या काय म्हणायलाव? ये म्हणा!"

"गिऱ्हाइकाला म्हणतो तसलं न्हाई," अप्पा म्हणाले. "म्या जर्मनमधी बोललो. एकदाच."